गोल्फ क्लबचा मालक बदलला: राहावं की सोडावं?

सरेकर
मंडळी, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो. इथल्या एका जुन्या गोल्फ क्लबचा सभासद आहे. नाव मुद्दाम देत नाही. टीव्हीवर कधी दिसलेला क्लब नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला, पाइनची झाडं आणि जांभळ्या हीदरच्या झुडपांमधून गेलेला अठरा होलचा कोर्स आहे. क्लब पहिल्यापासून एका कुटुंबाच्या मालकीचा होता. पुढच्या पिढीला रस नव्हता, म्हणून यंदा त्यांनी तो एका कंपनीला विकला.

नवे मालक आले आणि पत्रं सुरू झाली. वर्गणी जवळपास दीडपट. शिवाय ‘राहायचं असेल तर’ एकरकमी डिबेंचर, म्हणजे क्लबला कर्जाऊ द्यायचे पैसे. बारमागच्या भिंतीवर १९२० च्या दशकापासूनच्या विजेत्यांची सोनेरी अक्षरांतली नावं होती, ते फलक ‘नूतनीकरणासाठी’ उतरवले. ते परत कधी लागणार, हे कुणी सांगत नाही. बार सांभाळणाऱ्या जुन्या स्टुअर्डला निवृत्ती दिली.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते शनिवारच्या रोल-अपचं. आमच्याकडे शनिवारी बुकिंग नसे. सकाळी आठला पहिल्या ‘टी’पाशी, म्हणजे खेळ सुरू होतो तिथे, जे हजर असतील, त्यांचे चेंडू एकजण गोळा करायचा आणि ओंजळीतून हवेत उडवायचा. जे चेंडू शेजारी पडतील, त्यांची त्या दिवसाची जोडी. मी इथे नवा होतो तेव्हा कुणाच्या ओळखीशिवाय, कुणाच्या शिफारशीशिवाय या चेंडूंनीच मला माणसं मिळवून दिली. कधी निवृत्त पोस्टमन, कधी हृदयाचा सर्जन, कधी शाळेतला मुलगा. आता सगळं अ‍ॅपवर, दहा-दहा मिनिटांचे स्लॉट. शनिवारी सकाळी अकरापर्यंत कोर्स कंपन्यांच्या पाहुण्यांना.

आमच्या भागात अशा वेळी सगळ्यांना सरेमधलाच नामांकित वेंटवर्थ क्लब आठवतो. २०१४ मध्ये चीनच्या रेनवुड समूहाने तो क्लब १३.५ कोटी पौंडांना घेतला. पुढच्याच वर्षी पत्र आलं: प्रत्येकी १ लाख पौंडांचं डिबेंचर, वार्षिक वर्गणी ८ हजारांच्या आसपास होती ती १६ हजारांवर, आणि सभासद सुमारे ४ हजारांवरून फक्त ८८८. चिनी लोकांत ८ शुभ मानतात, म्हणून तो आकडा. टीव्हीवरचे मुलाखतकार मायकल पार्किन्सन यांच्यासारखे नामवंत सभासदही उघडपणे विरोधात बोलले होते.

मार्चअखेर उत्तर द्यायचं आहे. राहावं की सोडावं? आणि मुळात सभासद म्हणून आमचा त्या जागेवर काही हक्क असतो की नाही?

---

चार्टर्ड_काका
पहिला प्रश्न: क्लब सभासदांचा होता की मालकाचा? ब्रिटनमध्ये दोन जाती आहेत आणि लोक वर्षानुवर्षं खेळतात तरी आपला क्लब कुठल्या जातीचा, हे त्यांना ठाऊक नसतं.

सभासदांचा क्लब म्हणजे आपली सहकारी गृहनिर्माण सोसायटी. जमीन विश्वस्तांच्या किंवा क्लबच्या कंपनीच्या नावावर, पण खरे धनी सभासद. सर्वसाधारण सभेत ठराव झाल्याशिवाय विक्री नाही. मालकाचा क्लब म्हणजे तुम्ही भाडेकरू. घर कितीही वर्षं सारवलंत तरी उंबरा तुमचा नाही. तुमच्या हातात असतो तो फक्त करार: एवढे पैसे भरा, एवढे दिवस खेळा. वर्ष संपलं, करार संपला.

तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतो. वर्गणीच्या पावतीवर २० टक्के व्हॅट लागतो का, ते बघा. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या सभासदांच्या क्लबची वर्गणी इथे व्हॅटमुक्त असते, धंदा म्हणून चालणाऱ्या क्लबची नसते.

---

सरेकर
काका, व्हॅट लागतो, पहिल्यापासूनच. म्हणजे आम्ही भाडेकरूच. कागदावरचं समजलं. पण ऑनररी सेक्रेटरी, कप्तान, हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा अधिकृत आकडा) ठरवणारी समिती, मुलांचं शनिवारचं शिकवणं, हे सगळं आम्ही फुकट चालवत आलो. कंपनीने विकत घेतलं त्यात ते श्रमही आले की नाही?

---

मृण्मयी_क
सरेकर, वाईट वाटलं वाचून, मनापासून. पण दुसरी बाजू मांडते, कारण मीही इंग्लंडमध्येच खेळते, उत्तरेकडे.

मी आले तेव्हा आमच्या क्लबात शनिवारी सकाळी बायकांना टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, मिळत नव्हता. का, तर परंपरा. ‘पुरुष आठवडाभर काम करतात, बायका मंगळवारी खेळतात.’ मीही आठवडाभर कामच करत होते! लेडीज डे मंगळवारी, आणि मंगळवारी मी ऑफिसात. २०१० च्या समता कायद्यानंतर मिश्र क्लबांना हे करता येत नाही, तरी कागदावर न लिहिता चालूच होतं. आमचाही मालक बदलला, आणि पहिल्याच महिन्यात शनिवार सगळ्यांना खुला झाला. समितीने वर्षानुवर्षं जे केलं नाही, ते एका ईमेलने झालं.

स्कॉटलंडमधलं म्युअरफील्ड आठवा. १७४४ मध्ये खेळाचे पहिले लिखित नियम ज्यांनी केले, त्या मंडळींचा क्लब. २०१६ मध्ये महिलांना सभासद करण्याचा ठराव दोन तृतीयांश मतांअभावी पडला आणि त्याच दिवशी ब्रिटिश ओपन स्पर्धा भरवणाऱ्या क्लबांच्या यादीतून तो बाहेर. २०१७ मध्ये पुन्हा मतदान, या वेळी ८० टक्के बाजूने. तो क्लब सभासदांचाच आहे हां, काका. सभासदांच्या हातात असलं की न्याय होतोच असं नाही.

तुमच्या रोल-अपला बायका यायच्या का?

---

सरेकर
यायच्या. दोघी-तिघी नेहमी. चेंडू उडवताना कुणाचा कुठला ते कुणी बघत नसे. पण तुमचं म्हणणं पटतं, आमच्याकडे एक ‘मेन्स बार’ होता आणि तो नव्या मालकाने बंद केला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

---

गोदाकाठचा
नाशिककर म्हणून एक शंका. आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे, अनंत कान्हेरे मैदान म्हणतात त्याला. लहानपणापासून तिथे क्रिकेट आणि सकाळचं फिरणं. गोल्फ खेळताना कुणालाही पाहिलेलं नाही. तरी रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की बरोब्बर सोडतो. तिथला मालक कधी बदलला म्हणायचा? :)

---

येरवडा_एक्सप्रेस
@गोदाकाठचा, आमच्या गोल्फ क्लब चौकात या. तिथे निदान आत गोल्फ आहे.

---

हिरवळ
मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकलो आणि आता स्कॉटलंडमध्ये ग्रीनकीपर आहे, म्हणजे पोटापाण्यासाठी गवतच सांभाळतो. सरेकर, फलक, बार, पत्रं, सगळं बाजूला ठेवा. नवा मालक कसा आहे हे कळायला तीन गोष्टी बघा.

एक, ग्रीनकीपर किती उरले. अठरा होलचा हीथलँड (हीदरच्या माळावरचा) कोर्स नीट ठेवायला सहा-सात पूर्णवेळ माणसं लागतात. कंपन्या पहिली कात्री तिथेच लावतात, कारण गवत लगेच मरत नाही. पहिल्या वर्षी कुणाला काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, शेवाळ आणि पाणी.

दोन, ऑगस्ट-सप्टेंबरला ग्रीनला भोकं पाडतात की नाही. पोकळ दात्यांच्या यंत्राने बोटाएवढ्या मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढायच्या, वर वाळू पसरून झाडूने भोकांत ढकलायची. दोन-तीन आठवडे पटिंग (ग्रीनवर चेंडू होलात ढकलणं) भयंकर होतं आणि सभासद शिव्या देतात. पाहुण्यांकडून पैसे घेणारा मालक हे टाळतो, कारण त्या दिवसांत पाहुणा येत नाही. पण हे टाळलं की मुळांना हवा नाही, आणि चार वर्षांत ग्रीन बसतं.

तीन, हीदर. हीदरला ऊन लागतं. पाइनची रोपं उपटत राहावी लागतात, नाहीतर वीस वर्षांत तिथे जंगल होतं. नुसती गवतकापणी चालू आहे की रोपं उपटणारं कुणी आहे?

हे तिन्ही होत असेल तर तो मालक पुढच्या वीस वर्षांचा विचार करतोय. वर्गणी जास्त असली तरी मी राहीन.

---

मार्शल_मावळा
हिरवळ, अगदी बरोबर. वेंटवर्थच्या पीजीए या व्यावसायिकांच्या स्पर्धेला मी स्वयंसेवक म्हणून दोरी धरून उभा राहिलो आहे, त्यामुळे तिथलं थोडं सांगतो.

लोक म्हणतात चिनी मालक आला आणि परंपरा बुडाली. पण तिथल्या मुख्य, वेस्ट कोर्सला मोठा धक्का त्याआधीच बसला होता. कोर्सचे आराखडे करणाऱ्या हॅरी कोल्टने १९२६ मध्ये बांधलेला तो कोर्स. त्याला ‘बर्मा रोड’ म्हणतात. आधीचे मालक रिचर्ड केरिंग यांनी २००४ मध्ये क्लब घेतला आणि गोल्फपटू अर्नी एल्सकडून कोर्स बदलून घेतला. २०१० मध्ये तो उघडला तेव्हा कसलेले खेळाडू नाराज होते. अठराव्या ग्रीनपुढे पाणी आणलं होतं. कोल्टच्या कोर्सवर ते काय करतंय, असा सूर होता.

मग रेनवुडच्या काळात २०१६-१७ मध्ये पुन्हा एल्स, पण या वेळी युरोपियन टूर (व्यावसायिक स्पर्धा भरवणारी संस्था) आणि खेळाडूंशी बोलून. अठराही ग्रीनचं गवत नवं, खाली हवा खेळवून ओल काढणारी सबएअर यंत्रणा, बंकर (वाळूचे खड्डे) कमी आणि जुन्या धाटणीचे. नंतर खेळाडूंची तोंडं गोड झाली. म्हणजे सभासदांशी वागणं वेगळं आणि कोर्सशी वागणं वेगळं. एकच मालक पहिल्यात वाईट आणि दुसऱ्यात चांगला असू शकतो.

---

बिनधास्त_बंड्या
एक विचारू? शंभर-दीडशे एकर हिरवी जमीन काहीशे लोकांसाठी राखीव, आणि त्यांची वर्गणी वाढली म्हणून हळहळायचं? मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची भाडेपट्ट्याची मुदत २०१३ ला संपली. २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी २११ पैकी १२० एकर उद्यानासाठी सोडायला मत दिलं. जमिनीचा खरा धनी जनता. तुमच्या कोर्सचं उद्यान झालं तर मला आनंदच होईल.

---

मृण्मयी_क
@बंड्या, इंग्लंडात बऱ्याच कोर्सवरून सार्वजनिक पायवाटा जातात. कुत्री फिरवणारे, घोडेस्वार, सगळे मधून जातात आणि खेळणाऱ्याने थांबायचं असतं. शिवाय कंपनीने गोल्फ बंद केलं तर उद्यान होणार नाही, घरं बांधायची परवानगी मागतील. हरित पट्टा आहे म्हणून आज अडलंय.

---

बिनधास्त_बंड्या
मग त्या हरित पट्ट्यासाठी भांडा, मी सोबत आहे. पण ‘आमचा शनिवार गेला’ हे दुःख मला कळत नाही.

---

सरेकर
बंड्या, रागावलो नाही. पण ज्या गावात नातेवाईक नाहीत, तिथे आठवड्यातून एकदा कुणीतरी आपली वाट बघत असणं ही लहान गोष्ट नाही. आमच्यातले एक आजोबा पत्नी गेल्यावर सहा महिने खेळले नाहीत, नुसते येऊन चेंडू उडवायचे आणि चहा पिऊन जायचे. अ‍ॅपवर त्यांनी कुठला स्लॉट घ्यायचा?

---

बिनधास्त_बंड्या
हे आधी लिहायचं ना. आता कळलं.

---

डॅलसचा_दादा
अमेरिकेतून. आमच्या शहरात १९५७ मध्ये सुरू झालेली क्लबकॉर्प. क्लबांची साखळी चालवायची कल्पना त्यांनी इथे रुजवली. २००६ मध्ये खासगी गुंतवणूकदारांनी घेतली, २०१३ मध्ये शेअर बाजारात आली, २०१७ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने सुमारे १.१ अब्ज डॉलरला उचलली, २०२२ मध्ये नाव ‘इन्व्हायटेड’ झालं. सभासद तेच, गवत तेच, वर मालक बदलत गेले.

फायदा म्हणाल तर एका क्लबाची वर्गणी भरून दुसऱ्या गावात खेळता येतं. तोटा असा की तक्रार कुणाकडे करायची तेच समजत नाही. पूर्वी मालक बारमध्ये भेटायचा. आता मॅनेजर भेटतो, तो तुमच्याशी सहमत असतो आणि त्याच्या हातात काही नसतं. सरेकर, तुमच्या नव्या कंपनीकडे आणखी किती क्लब आहेत? असतील तर तिथल्या सभासदांना फोन करा. यापेक्षा चांगली माहिती कुठे मिळणार नाही.

---

तोक्योतून
डिबेंचर हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. सरेकर, सही करण्याआधी जपानची गोष्ट ऐका.

१९८० च्या दशकात इथे गोल्फ सभासदत्व शेअरसारखं विकलं जायचं, दलाल होते, रोजचे भाव होते. क्लब सभासदाकडून मोठी अनामत घ्यायचा. बिनव्याजी, ठरावीक वर्षांनी, बहुधा दहा, मागितली तर परत. त्याच पैशांतून नवे कोर्स बांधले. मग फुगा फुटला, भाव कोसळले आणि मुदत भरली तशी सगळे एकदम परत मागायला आले. क्लबांकडे पैसे कुठले? एकामागून एक दिवाळखोरीत. अमेरिकन फंडांनी ते स्वस्तात उचलले. कोर्स चालवायला गोल्डमन साक्सने अकॉर्डिया ही कंपनी उभी केली, लोन स्टारने पीजीएम. सभासदांना खेळायचा हक्क राहिला, अनामतीवर मात्र पाणी सोडावं लागलं.

माझ्या ऑफिसातले एक वयस्क सहकारी अजून तो छापील दाखला फाइलमध्ये जपून ठेवतात. मोठा लाल शिक्का आहे त्यावर.

म्हणून विचारा: पैसे परत मिळणार की नाही? मिळणार तर कधी? ते वेगळ्या खात्यात राहणार की मालक वापरणार? कंपनी बुडाली तर तुमचा नंबर बँकेच्या आधी की नंतर?

---

चार्टर्ड_काका
तोक्योतून, +१. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नंतर’ असंच असतं. गोल्फ क्लबच्या डिबेंचरला तारण नसेल तर तुम्ही साधे धनको, सगळ्यात मागे उभे.

आणखी एक बघा सरेकर. डिबेंचर कुठल्या कंपनीच्या नावावर आहे? जमीन एका कंपनीकडे आणि क्लब चालवणारी कंपनी दुसरी, असं पुष्कळदा असतं. तुमचे पैसे चालवणाऱ्या कंपनीत गेले तर तिच्याकडे खुर्च्या आणि गवतकापणी यंत्रं, बाकी काही नाही. कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर दोन्हींचे ताळेबंद आणि जमिनीवरचा बोजा फुकट दिसतो. एक संध्याकाळ घालवा.

---

आंबेमोहोर
मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. वेंटवर्थचं पुढे काय झालं ते सांगा ना कुणीतरी.

---

मार्शल_मावळा
@आंबेमोहोर, भांडण बरंच पेटलं. तिथे नुसते सभासद नव्हते, कोर्सभोवतीच्या वसाहतीतले रहिवासीही होते. त्या वसाहतीसाठी १९६४ चा खास कायदा आहे आणि त्याखाली रहिवाशांची रस्ते समिती. ती समिती विरोधात उतरली. भागाचे खासदार होते फिलिप हॅमंड, त्या वेळचे परराष्ट्रमंत्री, आणि नेमके त्याच ऑक्टोबरमध्ये शी जिनपिंग ब्रिटनच्या दौऱ्यावर. त्यामुळे गोल्फ क्लबचं भांडण देशभराच्या वर्तमानपत्रांत गेलं. शेवटी बोलणी झाली आणि मूळ योजनेत बदल करावे लागले. पण तोवर बरेच जुने सभासद शेजारच्या क्लबांत निघून गेले होते.

माझ्या मते कळीचा मुद्दा तो कायदा. सभासदांकडे नुसता करार होता, रहिवाशांकडे कायद्याने मिळालेली समिती. मालकाला बोलणी करायला लावलं ते त्या दुसऱ्या गोष्टीने.

अवांतर: १९२६ मध्ये याच क्लबच्या ईस्ट कोर्सवर ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिकांचा अनौपचारिक सामना झाला होता, ब्रिटनने साडेतेरा-दीड असा धुव्वा उडवला. त्यातून पुढच्या वर्षी रायडर कप ही या दोन संघांमधली स्पर्धा सुरू झाली.

---

हिरवळ
त्यानंतर ब्रिटनने असा धुव्वा फारसा उडवला नाही, हेही सांगा :)

---

वोकिंगवाली
सरेकर, मी तुमच्या जवळच राहते, म्हणून मूळ प्रश्नाकडे येते. सोडलंत तर काय, ते सांगते.

हँडिकॅप जाईल ही भीती काढून टाका. २०२१ पासून इंग्लंड गोल्फची आयगोल्फ योजना आहे, कुठल्याही क्लबाचं सभासदत्व नसलं तरी अधिकृत हँडिकॅप मिळतो. मी दोन क्लबांच्या मधल्या काळात तेच केलं. पूर्ण सभासदत्व महाग वाटलं तर सोमवार ते शुक्रवारचं पाच दिवसांचं बघा. काही क्लबांत पॉइंट विकत घेऊन खेळायचीही सोय असते, वर्षाला पाच-सहा राउंड खेळणाऱ्यांना परवडते.

पण तुमचं दुःख कोर्सचं नाही, माणसांचं आहे. मग माणसं घेऊन जा. आमच्या क्लबात तीन वर्षांपूर्वी असाच वीसेकजणांचा एक गट दुसरीकडून आला. सचिवाला आधी भेटले, म्हणाले आम्ही एकत्र येतो, शनिवारची पहिली तासभराची वेळ बुकिंगशिवाय द्या. सभासदांचा क्लब आहे, समितीत चर्चा झाली, दिली. आता त्यात आमचे जुने लोकही खेळतात. प्रवेश फीही गटाला माफ केली होती. एकट्याने गेलात तर यातलं काही मिळणार नाही.

---

चार्टर्ड_काका
वोकिंगवाली यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. बोलणी करायची तर मार्चच्या आधी. तुम्ही वीसजण एकत्र आहात हे जुन्या क्लबच्या नव्या मालकालाही कळू द्या. वीस वर्गण्या एकदम जाणं त्यालाही नको असेल.

---

सरेकर
मंडळी, नव्या मालकांबरोबर सभासदांची सभा झाली, म्हणून लिहितोय.

तुमचे प्रश्न कागदावर छापून नेले होते. डिबेंचर क्लब चालवणाऱ्या कंपनीचं आहे, जमीन वेगळ्या कंपनीकडे. काका म्हणाले तसंच. परत कधी मिळणार यावर ‘विचार चालू आहे’. वेगळ्या खात्याबद्दल उत्तर नाही. ग्रीनकीपर सातचे चार केले आहेत, आणि या वर्षी भोकं पाडण्याचं काम ‘पाहुण्यांच्या सोयीसाठी’ पुढे ढकललं आहे. हिरवळ, हे ऐकलं तेव्हा तुमची आठवण झाली. हेड ग्रीनकीपर मागच्या रांगेत खाली मान घालून बसला होता.

आम्ही सतरा जणांनी ठरवलं, डिबेंचरवर सही नाही. उद्या दोन क्लबांच्या सचिवांना भेटतोय. दोन्ही सभासदांचे आहेत, एका ठिकाणी कप्तान बाई आहेत. रोल-अपची वेळ ही पहिली मागणी. ते आजोबा पण येतायत, त्यांची वर्गणी आम्ही वाटून घेणार आहोत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

फलकांचं मात्र काय करावं कळत नाही. ते मालकाचे आहेत असं पत्र आलंय. त्यावर आमच्यातल्या काहींच्या वडिलांची नावं आहेत.

---

वोकिंगवाली
फलक विकत मागा. लेखी मागा, आणि स्थानिक इतिहास मंडळाला पत्राची प्रत द्या. आमच्या गावात चर्चच्या सभागृहातले युद्धस्मारक फलक असेच वाचले. दोन्ही क्लबांची नावं मला व्यनि (खासगी निरोप) करा, एका ठिकाणच्या समितीत माझी मैत्रीण आहे.

---

हिरवळ
आणि त्या हेड ग्रीनकीपरला सांगा, इथे आमच्याकडे जागा निघाली आहे.